मिठाला पाणी सुटतं म्हणून सिगार टिकते

मेव्हण्याने दुबईहून येताना क्यूबन सिगारचा बॉक्स आणला आणि बजावून सांगितलं, फ्रिजमध्ये ठेव, ताज्या राहतील. ठेवल्या. महिन्याभराने एक काढली तर बोट लावताच वरचं पान तडकलं आणि आतल्या तंबाखूचा भुगा हातात आला. हा सल्ला इतके जण देतात की आधी तेच सांगतो, फ्रिज सिगार सुकवतो. फ्रॉस्ट फ्री फ्रिजची कॉइल शून्याच्या खाली असते, हवेतली वाफ तिच्यावर बर्फ होऊन बसते, तो बर्फ वितळून पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं आणि आत उरते कोरडी हवा. फ्रिजमध्ये उघडी ठेवलेली कोथिंबीर मान टाकते ती याचमुळे.

बाहेर ठेवावी तर जुलैतली मुंबई. पापड सादळतो तशीच सिगारही सादळते, मग ती नीट पेटत नाही, एकाच बाजूने जळत जाते आणि बुरशी धरते. पानावर पांढरी पावडर दिसली की "मुरल्याची खूण आहे, आतलं तेल वर आलंय" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, बहुतेक वेळा ती बुरशीच असते.

सिगारला हवी साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्याच्या किती टक्के वाफ आहे ते), आणि ती मोजणारा स्वस्तातला हायग्रोमीटर बरोबर दाखवतोय का हे तपासायला लागतं फक्त स्वयंपाकघरातलं मीठ. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (मीठ पूर्ण विरघळता कामा नये), मीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पिशवीतली आर्द्रता ७५ टक्के असते, म्हणजे असतेच.

का? शाळेतलं संपृक्त द्रावण आठवा, ज्यात आणखी मीठ विरघळत नाही ते. पाण्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन घुसले की पृष्ठभागावर पाण्याचे रेणू कमी उरतात, म्हणून वाफही कमी होते. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ, नुसते कण मोजले तर पाण्याचा वाटा ८२ टक्के येतो, पण प्रत्यक्षात वाफ नुसत्या पाण्याच्या ७५ टक्केच, कारण आयन आजूबाजूच्या रेणूंना धरून ठेवतात, सहज सुटू देत नाहीत. आणि खरी मजा पुढे आहे. हवा कोरडी झाली की द्रावणातलं पाणी उडतं, पण तेवढं मीठ खडा होऊन खाली बसतं, हवा दमट झाली की द्रावण पाणी ओढतं आणि खाली बसलेलं मीठ विरघळतं, म्हणजे दोन्हीकडून द्रावण तितकंच खारट राहतं आणि आर्द्रता जागची हलत नाही. त्यात मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही, शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ३५.७ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ३९, म्हणून थंडी असो वा उन्हाळा, आकडा जवळपास तोच. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते हवा ७५ च्या वर गेली म्हणून. खडेमीठ त्याआधीच ओलं होतं कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं.

बाजारात बोवेडा कंपनीची आर्द्रता राखणारी पाकिटं मिळतात त्यात हेच तत्त्व, वाफ आत-बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्याआड क्षारांचं द्रावण. घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ किंवा ६९ टक्क्यांचं एक पाकीट टाकलं की झालं, महागडा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची खास पेटी, लागतोच असं नाही. त्याला आतून लावतात ते स्पॅनिश सीडरचं लाकूड खरं तर सीडर (देवदार) नाहीच, आपल्या कडुनिंबाच्या कुळातल्या झाडाचं आहे.

डबा मात्र गार जागी ठेवा. उकाडा वाढला की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात, हळदीच्या गाठ्या पोखरतो तोच हा किडा.

आणि "धूर छातीत घेत नाही, मग काय होतंय" हे डोक्यातून काढा. सिगारचं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं, आणि तोंडाचा, घशाचा कॅन्सर सिगारनेही होतो. मी वर्षातून दोन-तीन ओढतो, तेही कमी नाही हे मला माहीत आहे.

माझा मीटर मिठाच्या पिशवीत ७१ दाखवत होता, म्हणजे चार कमी. तेव्हापासून त्यावर मार्करने "+४" लिहून ठेवलंय आणि डब्यात ६३ दिसलं की झाकण परत लावतो.