धूमकेतू बघायचाय? आधी बायनॉक्युलर, मग दुर्बीण

धूमकेतूची बातमी आली की "जास्त पॉवरचा आयपीस कुठला घेऊ?" असं आम्हाला हमखास विचारलं जातं (आयपीस म्हणजे दुर्बिणीला जिथे डोळा लावतो ते भिंग). काहीही घेऊ नका. दुर्बिणीसोबत २५ एमएमचा, म्हणजे कमी पॉवरचा आयपीस आला असेल तर तोच लावा.

कारण साधं आहे, ताऱ्याचा प्रकाश एका ठिपक्यात असतो आणि धूमकेतूचा पसरलेला, त्यामुळे पॉवर वाढवली की तो अजून पसरतो, फिका पडतो आणि दिसेनासा होतो. म्हणून तर ६ मॅग्निट्यूडचा (हा तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं फिकं) धूमकेतू ६ मॅग्निट्यूडच्या ताऱ्यापेक्षा खूपच पुसट वाटतो.

१०×५० (१० पट पॉवर, पुढची भिंगं ५० एमएमची) बायनॉक्युलरमध्ये साधारण ६ अंश आकाश दिसतं, म्हणजे पौर्णिमेचे १२ चंद्र शेजारीशेजारी मावतील एवढं. ७०० एमएम फोकल लेंथच्या (मुख्य भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) दुर्बिणीत २५ एमएमने २८ पट (७०० भागिले २५) पॉवर मिळते पण आकाश जेमतेम पावणेदोन अंश. शेपटी कित्येक अंश लांब असू शकते, त्यामुळे शेपटी बायनॉक्युलरनेच बघा, आणि शक्यतो ट्रायपॉडवर लावून, हात हलला की पुसट भाग गेलाच म्हणून समजा. कधी दोन शेपट्या दिसतात, धुळीची पिवळसर आणि थोडी वळलेली, आणि वायूची सरळ, निळसर (निळा रंग डोळ्यापेक्षा कॅमेऱ्यात जास्त येतो). शेपटी सूर्याच्या उलट दिशेला असते, धूमकेतू कुठे चाललाय त्याच्याशी तिचा संबंध नाही.

दुर्बीण वळवायची ती धूमकेतूच्या डोक्याकडे, म्हणजे शेपटी जिथून निघते त्या चमकदार भागाकडे. मधला चमकदार ठिपका म्हणजे खरं केंद्रक (धूमकेतूचा घट्ट गाभा) नाही बरं का, केंद्रक काही किलोमीटरचंच असतं आणि धूळ-वायूत झाकलेलं असतं. धूमकेतू खूप तेजस्वी असला तर मात्र १० एमएमचा, जास्त पॉवरचा आयपीस लावून सूर्याकडची बाजू नीट बघा, १९९७ च्या हेल-बॉप धूमकेतूत तिथे एकात एक कमानी लहान दुर्बिणीतूनही दिसल्या होत्या. आधी अंधारात २०-३० मिनिटं थांबा, मोबाईल खिशात, आणि थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवा. दुर्बिणीच्या नळीला हलकी टिचकी मारून बघा, हललेली पुसट गोष्ट डोळ्याला पटकन जाणवते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तेजस्वी धूमकेतू बऱ्याचदा सूर्याच्या जवळच असतात. संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर डोळ्याला लावू नका आणि पहाटे सूर्योदयाच्या बऱ्याच आधी आवरा, मुलं सोबत असतील तर जास्तच लक्ष द्या. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो.

फाइंडर (नेम धरायला दुर्बिणीवर बसवलेली छोटी दुर्बीण) दिवसा लांबच्या टॉवरवर जुळवून ठेवा, पण सूर्याकडे पाठ करूनच.

आणि जमलं तर आजूबाजूचे दोन-तीन तारे धरून कागदावर धूमकेतूची जागा काढा, वेळ लिहा, तासा-दोन तासांनी परत बघा. पृथ्वीजवळून जाणारा असेल तर सरकलेला कळतो. १९९६ चा ह्याकुताके धूमकेतू दीड कोटी किलोमीटरवरून गेला तेव्हा त्याचं सरकणं आयपीसमध्ये काही मिनिटांतच लक्षात येत होतं.