भिऊ नको, पण परीक्षाही पाहू नको : सोलापूरच्या मंडळ्यांमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

सोलापुरात ख्रिस्ती लोक आजारपणाच्या घरी प्रार्थनेला गेले की बहुतेक वेळा बायबलमधले ९१वे स्तोत्र वाचले जाते. परात्पराच्या सावलीत राहणाऱ्याला मरीचे भय नाही, त्याच्या तंबूजवळ व्याधी येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. ज्यांचे बालपण संडे स्कूलमध्ये गेले त्यांना ते पाठच असते. मात्र या स्तोत्राच्या भरवशावर माणसाने नेमके वागावे कसे, यावर २०२० साली, कोरोनाच्या साथीत, मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समुदायांमध्ये, उघड मतभेद झाले. त्यांची मुळे बरीच मागे जातात.

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये मोठी साथ आली. मरणाच्या भीतीने खचलेल्या विश्वासीयांना तिथल्या बिशपाने धीर दिला आणि रोग्यांची सेवा सोडू नका, असे सांगितले. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला, तेव्हा तिथला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गाव न सोडता आजाऱ्यांसाठी थांबला. "ख्रिस्ती माणसाने प्लेगपासून पळावे का" या प्रश्नाला त्याने लेखी उत्तरही दिले. पाळक (मंडळीचे धर्मगुरू), अधिकारी आणि ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्यांनी जागा सोडू नये, बाकीच्यांनी शेजाऱ्याची सोय लावून जायला हरकत नाही. औषध घ्यावे, घर धुरी देऊन स्वच्छ करावे, काम नसेल तिथे जाऊ नये. औषध नाकारून देवावर सोडून देणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे, हेही त्याने स्पष्ट लिहिले. पुढच्या वादाचे सार त्यात आधीच येऊन गेले आहे.

सोलापुरात मिशनचे काम १८६०च्या दशकात, रेल्वे आल्यानंतर, रुजले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत या भागाने १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ पाहिले. अनाथ झालेली मुले मिशनच्या आश्रयाला आली आणि त्यांच्यातूनच इथल्या मंडळीची एक पिढी उभी राहिली. "भाकरीसाठी धर्म बदलला" हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. ज्यांनी आईबापांना उपाशी मरताना पाहिले, त्या मुलांना देवावर विश्वास ठेवायला किती बळ लागले असेल, याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

या लोकांना धीर धरण्याचा अर्थ शिकवावा लागला नाही. जिल्ह्यात पाऊस जेमतेम, तोही लहरी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी रब्बीत येते. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस झाला तर पेरणी होते, नाहीतर आभाळाकडे बघत बसायचे. याकोबाच्या पत्रात शेतकरी भूमीच्या मोलवान पिकासाठी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहतो, ते वचन इथल्या उपदेशांत म्हणूनच इतके येते. तो शेतकरी हातावर हात ठेवून बसत नाही. जमीन नांगरून, पाळ्या घालून, बियाणे तयार ठेवून तो थांबतो.

मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली साथ दख्खनभर पसरली. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, त्याच वर्षी प्लेगची लस टोचायला सुरुवात झाली. लोक गाव सोडून बाहेर झोपड्यांत राहू लागले. घराच्या झडतीची, टोचणीची आणि रोग्याला उचलून नेण्याची भीती रोगाच्या भीतीपेक्षा कमी नव्हती.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने लागू केला तो हाच १८९७चा कायदा. २२ मार्चच्या रविवारी जनता संचारबंदी होती आणि त्या दिवसापासून उपासना थांबल्या. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) कुलूपबंद मंदिरांबाहेर गेला. त्याच महिन्यात शहरात रुग्ण सापडू लागले, पेठा सील झाल्या, पॉवरलूम थांबले, विडी कामगार बायकांचे हातावरचे पोट अडले.

दारे लावण्याला ज्यांचा विरोध होता, त्यांचे म्हणणे हलके नव्हते. सर्वांत जास्त घाबरलेल्या दिवसांतच मंडळीने एकत्र यायचे नाही, तर मग कधी? घरातल्या म्हाताऱ्यांना फोनवरची प्रार्थना समजत नाही, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) पडद्यासमोर बसून कसे घ्यायचे? आणि ९१वे स्तोत्र आपण नुसते पाठच करायचे का? काहींनी यापुढे जाऊन मास्क लावणाऱ्याचा विश्वास कमी, लस घेणाऱ्याचा त्याहून कमी, असे बोलायला सुरुवात केली. इथे मात्र मोठी गफलत झाली. मत्तयाच्या शुभवर्तमानात याच स्तोत्रातले देवदूतांचे वचन सैतान प्रभू येशूपुढे ठेवतो: मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभू त्या स्तोत्राचा खरेपणा नाकारत नाही. परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको, एवढेच उत्तर तो शास्त्रातून देतो. ज्या वचनाने आपण भीती घालवतो, तेच वचन आंधळ्या धाडसासाठीही वापरता येते, हे त्या प्रसंगात स्वच्छ दिसते.

पाळकांपैकी अनेकांनी त्या वर्षी योहानाच्या विसाव्या अध्यायावर बोलणे पसंत केले. शिष्य भीतीने दारे लावून बसले होते आणि प्रभू त्या बंद दारांच्या आत आला. दारे का लावली म्हणून तो त्यांना रागावला नाही, आधी शांती दिली. माझ्या मते त्या काळातले सर्वांत उपयोगी उपदेश हेच होते.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळे उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. मधल्या काळात मोजक्या माणसांत दफनविधी झाले. प्रार्थना करूनही माणसे गेली, आणि "देवाने का नाही वाचवले" हा प्रश्न घराघरात राहिला. त्यावर दानिएलाच्या तिसऱ्या अध्यायातले, मूर्तीला न नमल्यास आगीच्या भट्टीत टाकू अशी धमकी मिळालेल्या तिघांचे उत्तर वाचले जाई: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने न सोडवले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही.

आमच्या मंडळीत त्या दिवसांपासून विनंत्यांची वही आहे. डावीकडे विनंती आणि तारीख, उजवीकडे उत्तर मिळाले की त्याची तारीख. "पप्पांचा ऑक्सिजन वाढू दे" याच्यासमोर तीन दिवसांनंतरची तारीख आहे. त्याच पानावरच्या दोन ओळींसमोर काहीच लिहिलेले नाही. एका आजींनी रिकाम्या जागेत पेन्सिलीने "अजून मागत आहे" एवढेच लिहिले आहे. नवीन पान उघडले तरी मागच्या पानांवरच्या मोकळ्या ओळी दर बुधवारी पुन्हा वाचल्या जातात.

आता त्या वहीत साथीच्या विनंत्या उरल्या नाहीत. पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा, कर्जाचे हप्ते, आणि पूर्वी कुणी लिहिले नसते अशा गोष्टी: झोप लागत नाही, छातीत धडधडते, बाहेर पडायची भीती वाटते. जुना वादही त्यांच्यामागे आला आहे. मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास, असे अजूनही काही जण उपास-प्रार्थनेत बोलून दाखवतात. दुसरीकडे प्रार्थना करून झाल्यावर माणसाला स्वतः रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेणारे वडीलजनही (मंडळीची जबाबदारी सांभाळणारे) आहेत. ते संख्येने कमी आहेत, आणि त्यांना बोल लावणारेही मंडळीतच आहेत.