बायोडिझेल आणि बसची काजळी : 1938 पासूनचा प्रवास

1938 च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये ब्रसेल्स ते लूवेन या मार्गावर एक प्रवासी बस पामतेलापासून केलेल्या इंधनावर धावली. तेल थेट टाकीत ओतलेले नव्हते. ब्रसेल्स विद्यापीठातील शावान यांनी अल्कोहोलच्या प्रक्रियेने ते पातळ करण्याचे पेटंट 1937 मध्येच घेतले होते. आजचे बायोडिझेल ते हेच. बेल्जियमच्या काँगो वसाहतीत पामतेल मुबलक होते, म्हणून हा खटाटोप; धुराची काळजी तेव्हा कोणाला नव्हती.

ती आली अर्ध्या शतकानंतर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2002 मध्ये अवजड वाहनांच्या इंजिनांवरील चाचण्या एकत्र मांडल्या. डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल मिसळले की सूक्ष्म कणांचे वजन सुमारे 10 टक्क्यांनी घटते, शुद्ध बायोडिझेलवर जवळपास निम्म्याने. कारण इंधनाच्या घडणीतच आहे. त्यात वजनाने सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो. सिलिंडरमध्ये जिथे हवा अपुरी पडते तिथेच काजळी धरते, आणि नेमका तिथे हा ऑक्सिजन कामी येतो. शिवाय गंधक जवळजवळ नसते. नायट्रोजन ऑक्साइड मात्र 20 टक्के मिश्रणावर साधारण 2 टक्क्यांनी वाढलेले दिसले.

हेच आकडे आजच्या नव्या बसलाही सर्रास लावले जातात, ते मला पटत नाही. त्या चाचण्यांतली बहुतेक इंजिने 1997 पर्यंतची, फिल्टर नसलेली होती. भारतात वाहनांच्या धुरासाठीची बीएस-6 मानके 1 एप्रिल 2020 पासून आली आणि नव्या डिझेल बसला कण अडवणारा फिल्टर लागला. तो 90 टक्क्यांहून अधिक कण रोखतो, त्यामुळे नळीतून बाहेर पडणाऱ्या धुरात मिश्रणाने पडणारा फरक फार थोडा उरतो. बायोडिझेलची काजळी कमी तापमानाला जळते, म्हणून फिल्टर लवकर मोकळा होतो, एवढा फायदा खरा. पण इंधनात सोडियम-पोटॅशियम राहिले तर त्यांची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती जळत नाही. म्हणून दोन्ही मिळून दहा लाखांत 5 भाग ही मर्यादा कसोशीने पाळावी लागते.

आपल्याकडे 2009 च्या जैवइंधन धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले होते. बियांच्या तेलासाठी मोगली एरंड या झुडपावर ठेवलेली भिस्त फोल ठरली. 2018 च्या धोरणात 2030 साठी 5 टक्के उरले, आणि वापरलेल्या खाद्यतेलाकडे लक्ष वळले. 2020 पूर्वीच्या, असा फिल्टर नसलेल्या बस अजून रस्त्यावर आहेत. चांगल्या प्रतीचे मिश्रण आधी त्यांच्या टाकीत जायला हवे.