पार्श्वभूमी : अंडाशयाचा कर्करोग, ‘पिशवी’ आणि नळ्या

परळच्या कर्करोग रुग्णालयात पहिल्यांदा आलेल्या बाईला आधीच्या ऑपरेशनबद्दल विचारलं, की बहुधा दोनपैकी एक उत्तर येतं: ‘टाक्याचं झालंय’ किंवा ‘पिशवी काढलीय’. पहिल्याचा अर्थ लागतो. संततिनियमनासाठी अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळ्या बांधल्या. दुसऱ्याचा लागत नाही. पिशवी म्हणजे गर्भाशय हे खरं, पण त्याबरोबर अंडाशयं गेली की राहिली, नळ्यांचं काय केलं, हे त्या शब्दातून कळत नाही. डिस्चार्ज कार्ड गावच्या ट्रंकेत, नाहीतर खोली बदलताना गहाळ. अंडाशयाच्या कर्करोगाचं अलीकडचं संशोधन मात्र नेमकं याच तपशिलाशी येऊन ठेपलं आहे.

आधी रक्ततपासणीची गोष्ट. सीए-१२५ हे रक्तात मोजल्या जाणाऱ्या एका प्रथिनाचं नाव, १९८१ सालचं. अमेरिकेतल्या एका चमूने या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) शोधलं. ते त्यांच्या क्रमवारीत १२५वं होतं, म्हणून हा आकडा. दोन वर्षांत त्यावरून रक्ताची चाचणी तयार झाली. ती होती उपचार चालू असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी, आणि त्या कामाला ती आजही उपयोगी पडते. पण निरोगी बाईत रोग आधीच पकडता येईल, हा मोह तिथूनच सुरू झाला. ३५च्या वर आकडा गेला की धोका, असा समज पसरला. पाळी चालू असताना, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), फायब्रॉइडच्या गाठी असतानाही हा आकडा वाढतो. आपल्याकडे आणखी एक चकवा आहे, पोटाचा टीबी. पोटात पाणी, वजनात घट, सीए-१२५ शेकड्यांत. कर्करोग समजून पोट उघडावं आणि आत क्षय निघावा, असे प्रसंग डॉक्टरांना नवे नाहीत. तरीही महिला दिनाच्या आसपास ‘हेल्थ पॅकेज’मध्ये ही चाचणी सवलतीत मिळते. ती कुणाच्या फायद्याची, हा प्रश्न विचारायला हवा.

कारण या चाचणीची परीक्षा दोनदा, मोठ्या प्रमाणावर झाली आहे. अमेरिकेत १९९३ पासून ७८ हजारांहून अधिक बायकांवर. त्यातल्या निम्म्यांची दरवर्षी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होत राहिली. २०११ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ३,२८५ जणींना खोटा इशारा मिळाला, त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर आणखी शहाणपणाने रचलेला प्रयोग झाला. तिथे एका आकड्यावर न थांबता आकडा वर्षागणिक कसा चढतो ते पाहिलं. रोग पहिल्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलंही. पण २०२१च्या अंतिम निकालात मृत्यूंत फरक दिसला नाही. लवकर सापडणं आणि वाचणं यांच्यात इतकं अंतर असेल, असं फार थोड्यांना वाटलं होतं.

मुंबईने याच काळात दुसऱ्या एका कर्करोगात उलट अनुभव घेतला. १९९८ पासून इथल्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. गर्भाशयमुख डोळ्यांना दिसतं. अंडाशय पोटात खोल असतं. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, अंडाशय नाही, ते म्हणूनच.

मग कळलं, की अनेकदा आपण चुकीच्या जागी पाहत होतो. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे बीआरसीए जनुकांतले दोष १९९०च्या दशकात सापडले. ते असलेल्या बायकांची अंडाशयं आणि नळ्या खबरदारी म्हणून काढल्या जाऊ लागल्या. २००१ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी त्या नळ्या बारकाईने तपासल्या आणि कर्करोगाच्या आधीचे बदल तिथे दिसले. पुढे नळीचे टोकापर्यंत दोन-तीन मिलिमीटरचे काप करून पाहण्याची पद्धत आली आणि सर्वाधिक आढळणारा, सर्वांत घातक प्रकार बहुतेकदा नळीच्या अंडाशयाकडच्या झालरीसारख्या टोकापाशी सुरू होतो, हे ठसत गेलं. नाव मात्र अंडाशयाचंच राहिलं.

यातून सगळ्यात वादाचा निर्णय निघाला. कॅनडाच्या एका प्रांतात २०१० मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगितलं गेलं: पिशवी काढताना किंवा नळ्या बांधताना नळ्या पूर्णच काढा, अंडाशयं ठेवा. तेव्हा पुरावा तुटपुंजा होता आणि टीका रास्त होती. अंडाशयाच्या रक्तपुरवठ्याला धक्का लागेल का, पाळी लवकर जाईल का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. २०२२ मध्ये तिथली आकडेवारी आली: नळ्या काढलेल्या सुमारे २६ हजार बायकांमध्ये त्या घातक प्रकाराचे पाचेक रुग्ण अपेक्षित होते, एकही सापडला नाही. आकडे लहान आहेत, बायका तरुण आहेत; पण माझा कल या निर्णयाकडे झुकतो, हे लपवत नाही.

महाराष्ट्रात हा वाद वेगळं वळण घेतो, कारण इथे बाईची नसबंदी हाच संततिनियमनाचा मुख्य मार्ग राहिला आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात नळीवर मधोमध रिंग बसवतात. झालरीचं टोक तसंच राहतं. नुसत्या बांधण्यानेही धोका काही प्रमाणात घटतो. हे १९९०च्या दशकातच दिसलं होतं, कारण उमगलं नव्हतं. मग काढूनच का टाकू नये? एक उत्तर असं, की मूल दगावलं तर नळ्या पुन्हा जोडून मागणाऱ्या बायका आहेत. काढलेली नळी जोडता येत नाही. दुसरं उत्तर शिबिरांचं. २०१४ मध्ये छत्तीसगडात नसबंदी शिबिरानंतर डझनाहून अधिक बायका दगावल्या, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत थांबवायला सांगितलं. अशा व्यवस्थेकडून वाढीव शस्त्रक्रियेची अपेक्षा करताना हात आखडतोच. त्यात बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. ‘आणखी थोडं काढू’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवायला कुणाची तयारी असेल?

बीआरसीए-१ दोष असलेल्या बाईला ऐंशीपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के धरतात. तिला आज ३५ ते ४० या वयात दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढायचा सल्ला मिळतो, म्हणजे चाळिशीआधीच पाळी जाणार. नळ्या आत्ता, अंडाशयं काही वर्षांनी, असं चालेल का, याचे प्रयोग नेदरलँड्समध्ये २०१५ पासून सुरू आहेत. बायकांचं जगणं त्याने सुसह्य होतं हे दिसलं आहे. कर्करोग टळतो का, हे कळायला त्या साठीच्या पुढे जायला हव्यात.