मोटारगाडीचे पिकअपमध्ये रूपांतर

प्रवासी मोटारगाडीचा पुढच्या आसनांमागचा भाग कापून तेथे माल वाहण्यासाठी उघडा हौदा बसविण्याची पद्धत. इंजिन, स्टिअरिंग, चाके व चालकाची बाजू मूळ गाडीचीच राहते. मागचे दरवाजे, मागची आसने, छताचा मागचा भाग आणि डिकीचे झाकण जाते. मोटारगाडीच्या सांगाड्यावर कारखान्यातच बांधलेली पिकअप ही याहून वेगळी समजावी. तिचा आराखडा, चाचण्या व नोंदणी प्रथमपासून मालवाहू वाहनाच्याच असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वापरातल्या गाडीच्या, गॅरेजमध्ये होणाऱ्या रूपांतराचा विचार केला आहे. या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे उगमाच्या चर्चेत बराच गोंधळ दिसतो.

उगम : सर्वांत प्रचलित हकिकत ऑस्ट्रेलियातली आहे. व्हिक्टोरिया राज्यातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९३२–३३ च्या सुमारास फोर्ड कंपनीला पत्र लिहून, रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात पोचवता येतील अशी एकच गाडी मागितली, असे सांगतात. जिलाँग येथील कारखान्यातला तरुण आरेखक ल्यू बँड्ट याने बंद केबिन आणि हौदा यांच्या बाजू सलग पत्र्यात आखल्या. ती गाडी १९३४ मध्ये विक्रीस आली व पुढे ‘यूट’ या नावाने रूढ झाली. ऑस्ट्रेलियातील तिचे उत्पादन फोर्डने २०१६ मध्ये व होल्डनने २०१७ मध्ये थांबविले.

अमेरिकी लेखक मात्र हा मान १९२५ सालाला देतात. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये फोर्डने मॉडेल टी रनअबाउटला मागे लोखंडी पेटी जोडून ती २८१ डॉलरला विकायला काढली. केबिन व हौदा एकाच पत्र्यातून घडविणे ही कसोटी लावली तर जिलाँगचा दावा टिकतो. कारखान्याने मोटारीला हौदा लावून विकणे ही कसोटी लावली तर १९२५ मान्य करावे लागते. पण दोन्ही उदाहरणे नव्या गाडीची आहेत. रूपांतराचा, म्हणजे लोकांच्या हातातली गाडी बदलण्याचा, उगम त्याआधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, शिकागोच्या ‘स्मिथ फॉर्म-अ-ट्रक’सारख्या कंपन्या तयार संच विकत होत्या. मॉडेल टीच्या मागच्या अंगाला लांब चौकट व भक्कम आस (अॅक्सल) जोडून एक टनाचा ट्रक करता येई. मूळ आसाचा उपयोग साखळीने मागची चाके फिरविण्यासाठी केला जाई. या संचांत वजनाचा भार नव्या चौकटीवर टाकलेला होता, मोटारीच्या अंगावर नाही. पुढच्या बहुतेक घरगुती रूपांतरांत नेमके हेच तत्त्व सुटले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ऑस्टिन, मॉरिस, हिलमन व स्टँडर्ड या मोटारींच्या सांगाड्यांवर सैन्यासाठी ‘टिली’ नावाच्या हलक्या मालगाड्या केल्या. स्वीडनमध्ये त्याच सुमारास ट्रॅक्टरच्या टंचाईमुळे शेतकरी जुन्या मोटारी कापून शेतीच्या कामाला लावू लागले. तिथल्या शासनाने या ‘एपा ट्रॅक्टर’साठी वेगळा वर्ग केला, वेग ताशी ३० किमी.वर बांधला आणि मागे माल ठेवण्याची सोय बंधनकारक केली. घरगुती रूपांतराला कायद्याच्या चौकटीत जागा देणारे हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण होय.

भारतातील क्रम : भारतात कारखान्यांची वाट बऱ्याच अंशी उलट दिशेने गेली. टाटांची टाटामोबाइल ही पिकअप १९८८ मध्ये आली आणि तिच्याच सांगाड्यावरून सिएरा (१९९१), इस्टेट (१९९२) व सुमो (१९९४) ही प्रवासी वाहने घडली. म्हणजे येथे मालगाडीची मोटार झाली. उलट बाजूने पाहता, अँबॅसडरचे यंत्रभाग वापरून हिंदुस्तान मोटर्सने ट्रेकर हे ग्रामीण वाहन केले, आणि महिंद्रच्या बोलेरोची पिकअप निघाली. जीप, सुमो व बोलेरो यांना अंगाखाली स्वतंत्र चॅसी (भार पेलणारी लोखंडी चौकट) असल्याने त्यांवर हौदा चढविणे तुलनेने सोपे असते. ओम्नी, मारुती ८००, पद्मिनी यांची गोष्ट वेगळी. ती पुढे येते.

सातारा व सांगली : कृष्णा, वारणा व येरळा या नद्यांच्या काठचा बागायती पट्टा आणि माण, खटाव, जत, आटपाडी हा दुष्काळी भाग, अशा दोन्ही प्रकारच्या शेतीत थोड्या मालाची रोजची ने-आण असते. तासगाव व पलूस परिसरातील द्राक्षे, बेदाण्याच्या पेट्या, सांगलीच्या बाजारात येणारी हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, डेअरीला जाणारे दुधाचे कॅन, वैरण, पेंडीची पोती, भाजीचे कॅरेट यांचे ओझे बहुधा तीन-चार क्विंटलांचे असते. दुचाकीला ते झेपत नाही, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली त्यासाठी परवडत नाही. पडून राहिलेली जुनी मोटार कापण्याचा विचार या मधल्या जागेतून येतो.

त्याला लागणारे हातही येथे आहेत. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, आणि सातारा रोड या गावच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिने होऊ लागली. लोखंडी नांगर, पंप व इंजिने यांच्या या परंपरेत ओतकाम, जोडकाम व पत्रेकाम जाणणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या घडल्या. उसाच्या ट्रॉल्या बांधणारे वेल्डर आजही कराड, इस्लामपूर, मिरज, कुपवाड येथे सहज भेटतात. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे या गावी एका कारागिराने भंगारातील भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनविली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर प्रशंसा केली, मात्र ती वाहनविषयक नियमांत बसत नाही हेही त्याच वेळी सांगितले. नंतर त्या गाडीच्या बदल्यात कारागिराला बोलेरो देण्यात आली. ती गाडी मुळापासून बनविलेली होती, कापून केलेली नव्हती. तरी या भागातील हुन्नर आणि कायदा यांच्यातले अंतर त्या एका प्रसंगात स्वच्छ दिसते.

२००५ च्या मे महिन्यात टाटा एस बाजारात आली. सुमारे ७५० किलो वाहणारी, ७०२ घ.सेंमी.च्या डिझेल इंजिनाची ही ‘छोटा हत्ती’ नेमकी त्याच मधल्या जागेसाठी होती. त्यानंतर कापलेल्या मोटारीची आर्थिक गरज बरीच ओसरली. उरला तो स्वतःच्या शेतापुरता वापर आणि हौस.

रचना व बलशास्त्र : हा विषयाचा गाभा आहे, आणि गॅरेजमध्ये सर्वांत कमी लक्ष यालाच मिळते. पद्मिनी, अँबॅसडर, मारुती ८०० यांसारख्या मोटारींना वेगळी चॅसी नसते. तळ, खांब, छत व दारांखालचे पोकळ पट्टे मिळून एकच पेटी होते आणि रस्त्याचे हिसके ही अख्खी पेटी पेलते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हातांनी पिळला जात नाही, झाकण काढले की पिळला जातो. छत कापलेल्या मोटारीचे तसेच होते. खड्ड्यात एक चाक गेले की सांगाडा पिळतो, पुढची दारे अडकू लागतात, काचेला तडा जातो, आणि काही महिन्यांत मधल्या खांबाच्या मुळाशी जोड फाटतो.

म्हणून कापण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्या लागतात. दारांखालच्या पट्ट्यांना आतून चौकोनी पाइप वा चॅनेलची जोड. तळाखालून पुढच्या आडव्या भागापासून मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) टेकूपर्यंत जाणारे दोन उभे चॅनेल. आणि मधल्या खांबांच्या रेषेत छतापासून तळापर्यंत पोचणारी पक्की मागची भिंत. ही भिंत निव्वळ पाऊस अडविण्यासाठी नसते. छताने दिलेली ताकद ती काही प्रमाणात परत देते, ब्रेक लागल्यावर माल चालकाच्या पाठीत येऊ देत नाही, आणि सायलेन्सरचा धूर केबिनमध्ये ओढला जाण्यापासून रोखते.

कापताना गाडी जॅकवर अधांतरी ठेवू नये. चारही टोकांना समपातळीत टेकू देऊन, दारांच्या चौकटीत तात्पुरते आडवे पाइप जोडूनच छताला कटर लावावा. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी, कारण रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. ट्रॉलीच्या कामातला आर्क वेल्डिंगचा रॉड त्याला जाळून भोके पाडतो. येथे मिग वेल्डिंग वा गॅसचे जोडकाम लागते. अलीकडच्या गाड्यांच्या मधल्या खांबांत अतिकठीण पोलाद असते, ते तापविले की त्याचा कठीणपणा जातो. अशा गाड्या या कामाला घेऊच नयेत, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

वजनाचे गणित साधे आहे, तरी ते क्वचितच मांडले जाते. लहान मोटार पाच माणसे व सामान धरून साधारण ३५० ते ४०० किलो पेलण्यासाठी आखलेली असते. हौद्याला ३ मिमी. जाडीची चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा पत्रा) वापरली तर पाच फूट बाय चार फुटांचा नुसता तळच ४५ ते ५० किलोंचा होतो. १६ गेजच्या (सुमारे १.६ मिमी.) पत्र्याचा तोच तळ २३ किलोंच्या आसपास राहतो. बाजू, फाळका आणि खालचे चॅनेल धरले की मागच्या आसनांच्या वजनात झालेली बचत संपते. म्हणजे भक्कम दिसणारा हौदा माल वाहण्याची क्षमताच खाऊन टाकतो.

ओझे कोठे ठेवले याला तितकेच महत्त्व आहे. दोन्ही आसांमधले अंतर २.२ मी. असलेल्या गाडीत २०० किलोंचा माल मागच्या आसाच्या मागे अर्धा मीटरवर ठेवला, तर मागच्या आसावर सुमारे २४५ किलो पडतात आणि पुढचा आस ४५ किलोंनी हलका होतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीला पसरणी वा खंबाटकी घाटाच्या चढावर हे भोवते. चाके जागीच फिरतात आणि स्टिअरिंग हलके लागते. उतारावर मागच्या ब्रेकचा प्रश्न येतो. मागच्या ब्रेककडे जाणारा दाब आवरणारा व्हॉल्व्ह मूळ वजनावर बेतलेला असल्याने भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक अपुरे व रिकाम्या गाडीत नको तितके पकडणारे ठरू शकतात. या बाबतीत मागे पाटे असलेल्या व मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या अँबॅसडर, पद्मिनी, ओम्नी या गाड्या सरस होत. पाट्यात एखादे पान वाढविण्याचा रिवाज आहे. त्याने गाडी बसत नाही हे खरे, पण आस, बेअरिंग व टायर यांची क्षमता त्यामुळे वाढत नाही.

कायदा : मूळच्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५२ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याची संमती घेऊन वाहनात बदल करता येत असे. २००० च्या दुरुस्तीने ही वाट जवळजवळ बंद झाली; उत्पादकाने मूळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. वेगळ्या इंधनासाठी इंजिनात बदल हा मुख्य अपवाद, आणि २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी अनुकूलित वाहनाची सवलत त्यात आली. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा सांगाड्यातील बदल अशीच ‘बदल’ या संज्ञेची व्याख्या असल्याने मोटारीची पिकअप करणे तीत निःसंशय बसते. केरळमधील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांआधारे अशा बदलांना वाव दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तो नाकारला. कलम १८२-अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

वर्गाचाही प्रश्न आहे. चालकाखेरीज आठपर्यंत आसनांची मोटार एम-१ वर्गात, तर ३.५ टनांपर्यंतचे मालवाहू वाहन एन-१ वर्गात मोडते. दोहोंच्या चाचण्या वेगळ्या. एमएच-१०, एमएच-११ वा एमएच-५० या मालिकांतील पांढऱ्या पाटीची मोटार कापली म्हणून तिचे पिवळ्या पाटीवर पासिंग होत नाही. शिवाय कलम २(१४) प्रमाणे मालासाठी न बांधलेले वाहनही माल वाहताना ‘मालवाहू वाहन’ ठरते. खासगी मोटारीच्या विम्यात नमुने व स्वतःचे सामान वगळता मालवाहतूक वर्ज्य असल्याने अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवते आणि भरपाईचा बोजा शेतकरी कुटुंबावर येऊ शकतो.

गाडी फक्त शेतात फिरते, हा बचाव नेहमी ऐकू येतो. कलम २(२८) मधील सूट कारखाना किंवा बंदिस्त आवार यांतच वापरण्यासाठी जुळविलेल्या विशेष प्रकारच्या वाहनाला आहे. कुंपण नसलेल्या रानाला ती लावणे कठीण, आणि बांधावरून पाणंद रस्त्यावर आलेल्या गाडीला तर तिचा आधार उरत नाही. याउलट ३,००० किलोंपर्यंत एकूण वजनाच्या, कारखान्यातून आलेल्या मालगाडीला कलम ६६(३) नुसार वाहतूक परवाना (परमिट) लागत नाही. नोंदणी, विमा व योग्यता प्रमाणपत्र पुरते. जुनी टाटा एस किंवा ओम्नीची कारखान्यातून आलेली मालवाहू आवृत्ती त्यामुळे लहान शेतकऱ्याला कापलेल्या मोटारीपेक्षा अखेर स्वस्त पडते.