कुट्टी केली म्हणून गवत जास्त पचत नाही

रानातलं वाळलेलं, जाडंभरडं गवत बारीक कुट्टी करून घातलं की जनावराला जास्त पचतं, हा समज फार जुना आहे. कुट्टीने नासाडी थांबते आणि जनावर चार घास जास्त खातं, एवढं खरं. पचनीयता मात्र वाढत नाही. उलट भुकटीसारखं बारीक केलं तर रवंथ कमी होतं आणि चारा नीट पचण्याआधीच पोटातून पुढे सरकतो.

खरी अडचण लिग्निनची, म्हणजे गवताला कडक करणाऱ्या, न पचणाऱ्या घटकाची. गवत फुलोऱ्यावर येऊन पिकलं की लिग्निन तंतूंना जखडून ठेवतं आणि कोठीपोटातल्या (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या), चारा पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना तिथवर पोचता येत नाही. हे बंध कुट्टीच्या पात्याने तुटत नाहीत. शिवाय चाऱ्यात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांखाली गेली की सूक्ष्मजीवच उपाशी राहतात. वाळल्या रानगवतात ती बहुधा ३-४ टक्केच असतात.

युरिया प्रक्रिया दोन्हींवर काम करते. १०० किलो वाळल्या गवतावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडा, दाबून भरा आणि हवाबंद झाका. उष्ण हवेत ३ आठवडे पुरतात, थंडीत जास्त लागतात. युरियातून निघणारा अमोनिया ते बंध सैल करतो, सूक्ष्मजीवांना नत्रही मिळतं. पण खरं सांगायचं तर, फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापलेल्या गवताला यातलं काहीच फारसं लागत नाही.

घालण्यापूर्वी चारा पसरून वास उडू द्या. ६ महिन्यांखालच्या वासरांना आणि घोड्यांना तो देऊ नका. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागलं तर विषबाधा होते, तेव्हा बादली उघडी ठेवू नका.