फ्रेंच राज्यक्रांती आणि मीटरचा जन्म

१७८९ साली फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजाने पावणेदोनशे वर्षांच्या खंडानंतर इस्टेट्स-जनरल ही प्रतिनिधिसभा बोलावली, तेव्हा गावोगावच्या प्रजेला आपली गाऱ्हाणी वह्यांमध्ये लिहून पाठवण्याची मुभा मिळाली. या तक्रारवह्यांमध्ये मिठावरचा कर आणि सरदारांचे शिकारीचे हक्क यांच्या जोडीने एक मागणी वारंवार आढळते: साऱ्या राज्यात एकच वजन आणि एकच माप असावे. राज्यक्रांतीचा इतिहास वाचताना आपले लक्ष बॅस्टिलच्या तुरुंगाकडे आणि गिलोटिनकडे जाते, परंतु जनतेच्या उठावाने राष्ट्राचा रोजचा व्यवहार कसा बदलतो हे पाहायचे असेल, तर माझ्या मते मापांच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

त्या काळी फ्रान्समध्ये मापांची सुमारे ८०० नावे प्रचलित होती, आणि एकाच नावाचे माप गावागणिक बदलत असल्याने प्रत्यक्षातील निरनिराळ्या मापांची संख्या अडीच लाखांच्या घरात जात होती, असा अंदाज केला जातो. हा प्रश्न निव्वळ गैरसोयीचा नव्हता. प्रमाण माप स्वतःजवळ बाळगण्याचा हक्क अनेक ठिकाणी सरदारांकडे होता आणि कुळाकडून खंडाचे धान्य त्याच मापाने मोजून घेतले जाई. ‘ब्वासो’ हे धान्याचे लाकडी माप घ्या. ते काठोकाठ भरून वरून फळी फिरवली तर एक हिशेब होतो, शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग रचून भरले तर दुसरा. कोरडे धान्य ठरावीक उतारानेच रचले जाते, त्यामुळे शिगेची उंची मापाच्या तोंडाच्या रुंदीबरोबर वाढते आणि शिगेतले धान्य त्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मापाच्या आत मावणारे धान्य तेवढेच ठेवून ते उथळ आणि सव्वापट रुंद केले, तर शीग जवळजवळ दुप्पट होते. त्यातच धान्य खांद्याच्या उंचीवरून ओतले की ते दबून बसते आणि आणखी मावते. दप्तरातला खंडाचा आकडा तसाच राहून कुळाच्या घरातून जाणारे धान्य मात्र वाढू शकत असे, आणि निरक्षर शेतकऱ्यालाही हे पक्के ठाऊक होते.

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री, इस्टेट्स-जनरलमधूनच उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकार रद्द करण्याचा निर्णय घेतला, आणि मापांवरील सरदारांच्या हक्काचा पायाच ढासळला. आता त्या जागी काय आणायचे, हा प्रश्न उरला. पॅरिसचे माप सर्वत्र लागू करणे हा सोपा मार्ग होता आणि बहुतेक शेतकऱ्यांचे त्यावर समाधानही झाले असते. परंतु राजाच्या, शहराच्या किंवा प्रांताच्या नावाचे माप दुसऱ्यांनी का स्वीकारावे, असा विचार पुढे आला आणि माप निसर्गातूनच घ्यायचे ठरले. १७९० मध्ये राष्ट्रीय सभेचे सदस्य ताल्येरां यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा झोका एका सेकंदात घेणाऱ्या लंबकाची लांबी हे एकक सुचवले. ही लांबी सुमारे ९९.४ सेंटिमीटर भरते. परंतु गुरुत्वाकर्षण अक्षांशानुसार थोडे बदलते आणि सेकंद हा स्वतःच माणसाने ठरवलेला भाग आहे. म्हणून बोर्दा, लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि कोंदोर्से या शास्त्रज्ञांच्या समितीने मार्च १७९१ मध्ये वेगळी व्याख्या मांडली: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या रेखावृत्तीय अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. लंबकाचा पर्याय कितीतरी स्वस्त होता, हे इथे नमूद केले पाहिजे. सारी पृथ्वी मोजायला निघण्याचे धाडस ज्या काळात सुचले, त्या काळाचा आत्मविश्वास या निवडीत उघड दिसतो.

अर्थात सगळे अंतर मोजणे अशक्य होते. उत्तर फ्रान्समधील डंकर्कपासून स्पेनमधील बार्सिलोनापर्यंतचा तुकडा निवडला गेला, कारण त्याची दोन्ही टोके समुद्रसपाटीला आहेत आणि ४५ अंशांचा अक्षांश त्यांच्या दरम्यान येतो. एक पायारेषा जमिनीवर काटेकोर मोजायची, मग चर्चचे मनोरे आणि टेकड्या यांना जोडणाऱ्या त्रिकोणांचे कोन मोजत पुढे जायचे आणि बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या, अशी ही पद्धत होती. जून १७९२ मध्ये देलांब्र आणि मेशें हे दोन खगोलशास्त्रज्ञ अनुक्रमे उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ राजाच्या नावाचे परवाने होते. सप्टेंबरात पॅरिसजवळच्या सेंत-देनी येथे जमावाने देलांब्र यांना अडवले, त्यांच्या पेट्या चौकात उघडायला लावल्या आणि ही पितळी यंत्रे कशासाठी आहेत ते सांगा म्हणून दरडावले. संशयाने पेटलेल्या गर्दीपुढे त्यांना भूमापनाचे व्याख्यान द्यावे लागले. त्याच महिन्यात २१ तारखेला राजेशाही रद्द झाली, राजाच्या सहीचा कागद धोक्याचा ठरला, आणि प्रजासत्ताकाचे नवे परवाने मिळाल्यावरच काम पुढे सरकले. पुढे एका गावी मनोऱ्यावर खुणेसाठी लावलेले पांढरे कापड राजपक्षाचा रंग म्हणून लोकांना खटकले, तेव्हा देलांब्र यांनी त्याच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी पट्टी जोडून त्याला क्रांतीचे तिन्ही रंग दिले.

क्रांतीने ज्या संस्थेकडे हे काम सोपवले होते, ती विज्ञान अकादमीच ऑगस्ट १७९३ मध्ये बरखास्त झाली. किलोग्रॅमसाठी पाण्याचे वजन निश्चित करणारे लाव्हाझिए यांना, राजाच्या करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळीत ते होते म्हणून, ८ मे १७९४ रोजी गिलोटिनवर चढवण्यात आले. कोंदोर्से कैदेत मरण पावले. पुरेसे प्रजासत्ताकनिष्ठ नसल्याच्या ठपक्यावरून देलांब्र यांनाही काही काळ कामावरून दूर केले गेले. हा हिशेब मांडल्याशिवाय मीटरची कथा प्रामाणिकपणे सांगता येत नाही. तरीही ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम आणि आर ही नावे ठरली, लोकांना नव्या लांबीची सवय व्हावी म्हणून पॅरिसमध्ये १६ ठिकाणी संगमरवरी मीटर भिंतींत बसवण्यात आले आणि २२ जून १७९९ रोजी प्लॅटिनमचा प्रमाण मीटर अभिलेखागारात जमा झाला. पृथ्वीच्या ध्रुवांकडील चपटेपणाचा अंदाज चुकल्यामुळे तो व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड भरला होता. सात वर्षांच्या युद्धात आणि यादवीत केलेल्या मोजणीसाठी ही अचूकता थक्क करणारी आहे.

याच काळातला दुसरा प्रयोग मात्र फसला. दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे आणि दहा दिवसांचा आठवडा असा दशमान काळ लागू करण्यात आला. नवा तास आपल्या १४४ मिनिटांइतका होता. ही घड्याळे सक्तीची राहिली ती जेमतेम अर्धे वर्ष, आणि प्रजासत्ताकाचे कॅलेंडर १८०६ च्या आरंभी रद्द झाले. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. तास आधीपासून सगळीकडे सारखाच होता, तो फुगवून कोणी सरदार आपला खंड वाढवत नव्हता, त्यामुळे ही सुधारणा लोकांच्या कुठल्याही गाऱ्हाण्याला उत्तर देत नव्हती. उलट तिने सातव्या दिवशीची सुट्टी दहाव्या दिवसावर नेली.

मीटरही सहजासहजी रुळला नाही. बाजारात जुनी मापे चालूच राहिली आणि १८१२ मध्ये नेपोलियनने तडजोड म्हणून ५०० ग्रॅमच्या ‘लिव्र’सारखी, जुने नाव आणि मेट्रिक वजन असलेली मिश्र मापे आणली. अखेर १ जानेवारी १८४० पासून मेट्रिक मापे सक्तीची झाली, तेव्हा फ्रान्सच्या गादीवर पुन्हा एक राजाच होता. गादीवर कोण आहे यावर आता मापे अवलंबून राहिली नव्हती. कर आकारणाऱ्या आणि जमिनीची मोजणी करणाऱ्या केंद्रीय सरकारला एकसारखे माप शेतकऱ्याइतकेच हवे होते. १८७५ च्या मीटर करारावर १७ देशांनी सह्या केल्या, आणि १९८३ पासून मीटरची व्याख्या पृथ्वीऐवजी प्रकाशाच्या वेगावरून केली जाते.

स्वतंत्र भारताने १९५६ चा वजने व मापे कायदा करून १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर, मण आणि तोळ्याच्या जागी ही पद्धत आणली. महाराष्ट्रातल्या सातबारा उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते. त्यातला १०० चौरस मीटरचा आर हा १७९५ च्या त्याच कायद्यातला आहे, आणि आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर भरत असल्यामुळे शेतकऱ्याला तो फारसा परका वाटत नाही.